मायक्रॉनकाकांचं पिस्तूल

ताथवड्यात आता इतके टॉवर झालेत की कोण कुठला आणि काय करतो, हे नुसतं लिफ्टमध्ये शेजारी उभं राहून कळत नाही. समोरच्याच्या हातात एखादी नवी वस्तू द्यावी, मग कळतं. आयटीवाला आधी तिची किंमत मोबाइलवर बघतो. मूळ गावकरी ती हातात तोलतो आणि ‘कुणाकडनं घेतली?’ विचारतो. आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस ती वस्तू उजेडाकडे धरतो, एक डोळा मिटतो आणि तिच्या कडेवरून नख फिरवतो. कापताना सुटलेली धातूची धार, म्हणजे बर, राहिलीय का, हे बघतो.

मायक्रॉनकाका या तिसऱ्या जातीचे. खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते फक्त कुरिअरवाला वापरतो.

चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काका क्वालिटीला होते. पहाटे सहाची बस, रावेत, भक्ती-शक्ती, तळवडे करत चाकण, आणि दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात खोट काढायची. ओके मालाला हिरवा टॅग, रिजेक्टला लाल, आणि ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही त्याला पिवळा: होल्ड. लोकांना वाटतं क्वालिटीवाल्याचा लाडका रंग लाल. साफ चूक. लाल लावला की प्रॉडक्शनवाला अंगावर येतो. हिरवा लावला आणि माल गिऱ्हाइकाकडून परत आला, की साहेब अंगावर येतो. पिवळ्याच्या वाटेला कोणी जात नाही. काकांनी नोकरी पिवळ्यावर काढली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाले. बोटांचं ते हसत सांगतात, पण प्रेस शॉप पाहिलेली माणसं त्यावर हसत नाहीत.

निवृत्तीनंतर काकांकडे वेळ आला आणि सोसायटीला फुकटचा इन्स्पेक्टर मिळाला. पाण्याचं शुद्धीकरण यंत्र, जिन्यातले दिवे, गणपतीच्या मांडवाची ताडपत्री, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं. देवगडच्या हापूसच्या पेट्या आल्या की काका सॅम्पलिंग प्लॅनप्रमाणे ठरावीक आंबे उचलतात आणि एक जरी डागी निघाला तरी अख्खा लॉट बाजूला ठेवतात. आंबेवाला आता गाडी आमच्या गेटपाशी न थांबवता पुढच्या टॉवरला नेतो. काकूंना एकदा कुणी तरी विचारलं, लग्नाच्या वेळी काकांनी तुम्हाला पसंत करायला किती वेळ घेतला? काकू म्हणाल्या, “अजून कळवलेलं नाही. सदतीस वर्षं झाली, होल्डवरच आहे मी.”

तर अशा माणसाने पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल तीन पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून कांस्यपदक घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा पुण्यात रेल्वेत तिकीट तपासनीस, सराव बालेवाडीला. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बालेवाडी म्हणजे आमच्याकडून हायवे धरला तर हाकेच्या अंतरावर. भूमकर चौक मोकळा मिळाला तर, आणि तो मिळत नाही. त्या रात्री आमच्या भागातल्या निदान निम्म्या बापांनी आपापल्या पोरांकडे नव्या नजरेने बघितलं. काकांची मुलगी लग्न होऊन नाशिकला, म्हणून काकांनी स्वतःकडे बघितलं.

मोबाइलचं तुम्हाला माहीत आहे. एक नेमबाज बघितला की तो दहा दाखवतो. तिसऱ्या दिवशी काकांच्या पडद्यावर एक निराळाच प्रकार आला. एक माणूस कानाला मफ लावून उभा. मागून यंत्राची शिट्टी वाजते, तसा तो कमरेचं पिस्तूल उपसतो, पळत सुटतो, फळीच्या आडून दोन गोळ्या, खिडकीतून दोन, वाकून दोन, पळता पळता मॅगझिन बदलतो आणि शेवटची लोखंडी थाळी पाडून थांबतो. या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९७६ साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबियात त्याची जागतिक संघटना निघाली, जेफ कूपर नावाचा माजी सैनिक तिचा पहिला अध्यक्ष. अचूकपणा, ताकद आणि वेग, हे तिचं बोधवाक्य.

काकांना गोळ्यांचं काही नव्हतं. त्यांना भावलं गुण मोजायचं गणित. अचूक नेमाचे पाच, जरा बाहेर गेला तर तीन, आणखी बाहेर एक, आणि त्या सगळ्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. जो भागाकार येईल तो तुमचा.

“अहो, ही तर सायकल टाइमवर क्वालिटी!” काका मला पार्किंगमध्ये थांबवून म्हणाले. “तीस वर्षं मी प्रॉडक्शनवाल्यांना हेच सांगत होतो. नुसता वेग नको, नुसती अचूकता नको, भागाकार बघा. कुणी ऐकलं नाही. तिकडे खेळ काढलाय त्याचा.”

आता पिस्तूल कुठलं घ्यायचं? काकांनी वही उघडली. त्या खेळात वेगवेगळे गट असतात. कुणाला दुर्बीण चालते, कुणाला नाही, कुणाला जड पिस्तूल, कुणाला फॅक्टरीतून आलं तसंच. चेकोस्लोव्हाकियाचा वारसा सांगणाऱ्या सीझेडचं शॅडो टू, वजन सव्वा किलोच्या वर, झटका कमी. इटलीचं टानफोग्लिओ. ऑस्ट्रियाचं ग्लॉक. ग्लॉकपाशी काका दोन आठवडे मुक्कामाला होते, कारण गास्टन ग्लॉक हा मुळात पडद्याचे रॉड आणि सुऱ्या बनवणारा कारखानदार. बंदुकीचा काहीही अनुभव नसताना त्याने ऑस्ट्रियन लष्कराच्या टेंडरला प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं, मोजक्याच भागांचं पिस्तूल करून दिलं आणि १९८२ ला ऑर्डर खिशात घातली. काका ही गोष्ट भोसरीतल्या प्रत्येक व्हेंडरला फोन करून सांगत. “बघा. रॉडवाला होता. आणि तुम्ही मला बुशची ओव्हॅलिटी देऊ शकत नाही.”

या खेळात एका गटाचा नियम असा आहे की पिस्तूल मॅगझिनसकट २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे. हे वाचल्यावर काकांनी वही मिटली. नियमात माप सापडलं की त्यांना पुढचं दिसत नाही. भोसरीच्या एका शेडमध्ये जाऊन त्यांनी ॲल्युमिनियमचं खोकं मिलिंग करून घेतलं, आतल्या कोपऱ्यांना रेडियस किती ठेवायचा यावरून शेडच्या मालकाशी वाद घातला, आणि शेवटी तीन बाजू स्वतः लॅप केल्या. पिस्तूल नव्हतं, पण त्याचा गेज तयार झाला.

मग कायदा आडवा आला.

काकांनी १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम छापून, बाइंडिंग करून आणले. ९ मिलिमीटरची पिस्तुलं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरात मोडतात, सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत. परवाना मागायचाच तर .३२ चा मागायचा, आणि मग इच्छापूरच्या सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल किंवा कानपूरचं रिव्हॉल्व्हर. त्यातही २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं. “माझ्याकडे एक नाही,” काका म्हणाले, “आणि यांनी वरची लिमिट खाली आणली.”

आमच्यापासून खडकी किती लांब? तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोडला लष्कराचा डेपो. चहूबाजूंनी बंदुकी-गोळ्यांचा शेजार, आणि मध्ये ताथवड्यात काका हातात रिकामं खोकं घेऊन उभे.

बी विंगच्या दादांना हे कळलं. दादा मूळचे इथलेच. टॉवर उभा आहे त्या जमिनीत त्यांच्या आजोबांचा ऊस होता. गळ्यात चेन, पायात पांढरे बूट आणि मनात फार दिवसांपासून एक परवाना. आपल्या पट्ट्यात कमरेला पिस्तूल असणं ही खेळाची नाही, वजनाची गोष्ट आहे. लग्नात, जत्रेत, ग्रामपंचायतीच्या जुन्या आठवणी निघाल्या की शर्ट जरा वर सरकवता आला पाहिजे. दादा थेट वर आले.

“काका, ते परवान्याचं सोडा वो. पोलीस आयुक्तालय झाल्यापासनं लई कडक केलंय. काय पायजे ते बोला. वळखीचा हाय एक जण.”

पिंपरी-चिंचवडच्या वर्तमानपत्रात आठवड्याला एकदा तरी गावठी कट्टा सापडल्याची बातमी असते, त्या पेटाऱ्यातला हा प्रस्ताव होता. दुसऱ्या कुणी घाबरून दार लावलं असतं. काकांनी दादांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “त्याच्याकडे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट असतं का?”

“काय असतं?”

“नळीचं. स्टील कुठल्या ग्रेडचं, हार्डनेस किती. की पाण्याच्या पाइपची नळी?”

दादा विचारात पडले. काकांनी मग नळीत दाब किती येतो, पाइपला शिवण कुठे असते, आणि ती उकलली तर कुठल्या बोटापासून कुठपर्यंत जातं, हे कागदावर छेद काढून दाखवलं. दादा पाणी न पिताच उठले. पोलिसांच्या कुठल्या जनजागृतीने झालं नसतं ते काम त्या आकृतीने केलं. ‘वळखीच्या’ माणसाचं नाव दादांनी पुन्हा काढल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी काका हवेच्या पिस्तुलावर आले. .१७७ बोअर आणि वीस ज्यूलच्या आतली ताकद असली की परवान्याची कटकट नाही. दहा मीटरचं एअर पिस्तूल हा ऑलिंपिकचा खेळ, आणि पळापळ नाही, हे गुडघ्यांच्या दृष्टीने बरंच. एका हाताने उभं राहायचं, पाऊण तास अधिक अर्धा तास, साठ छर्रे. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर. पिस्तूल दीड किलोच्या आत, चापाचं वजन निदान ५०० ग्रॅम, आणि सगळं मिळून ४२० बाय २०० बाय ५० च्या खोक्यात बसलं पाहिजे.

हो. दुसरं खोकं झालं. पहिल्यात काकू आता अळूवड्या ठेवतात. म्हणतात, उंडा अगदी मापात बसतो.

यानंतरचा वर्षभराचा काळ हा काकांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ होता असं मी म्हणेन. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी, पुन्हा जर्मनी, इटली. दोन लाखांच्या पुढेमागे जाणाऱ्या वस्तू. भिंतीवर तक्ता लागला. उभे पाच रकाने, आडवे चाळीस मुद्दे.

मोरिनीचा चाप इलेक्ट्रॉनिक. काकांच्या मते वस्तूत सेल आला की भानगड आली. पुरावा त्यांच्याकडे होताच: टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. कुणी म्हणालं सर्किट, कुणी म्हणालं लिव्हर. काकांचा जीव या ‘कुणी म्हणालं’मध्ये अडकला. “रूट कॉज बाहेर आलं का? आठ पायऱ्यांचा रिपोर्ट कुठाय? नुसतं ‘बिघडलं’ म्हणजे काय? आमच्याकडे एक बोल्ट ढिला निघाला तर गिऱ्हाईक चोवीस तासांत उत्तर मागतं!” तीच मनू पॅरिसला दोन पदकं घेऊन आली, हे मी सांगून पाहिलं. “करेक्टिव्ह ॲक्शन झाली म्हणजे. पण डॉक्युमेंट नाही.”

त्याच पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने जगाला वेड लावलं होतं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, नेहमीचा चष्मा, साधा टी-शर्ट, डावा हात खिशात, आणि मिश्र सांघिक रौप्यपदक. मी तो फोटो मुद्दाम काकांना पाठवला. म्हटलं, काका, हा बघा, तुमच्याहून थोडाच लहान, ना भिंग, ना पट्टी. दहा मिनिटांनी उत्तर आलं: “आउटलायर. एका सॅम्पलवर निष्कर्ष काढू नये.” खिशात हात मात्र त्यांनी उचलला. (तो दिकेचचा शोध नव्हे, मोकळा हात लोंबकळून शरीर हलू नये म्हणून पिस्तुलवाले तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतातच.) तेव्हापासून काका भाजी घेतानाही डावा हात खिशात ठेवतात.

पिस्तूल सोडून बाकी सगळ्याची खरेदी झाली. सपाट तळव्याचे बूट आले. डाव्या डोळ्यावर लावायची पट्टी आली, तीस मिलिमीटरहून रुंद चालत नाही म्हणून मोजून कापली. छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा आला, डोकं ४.४९ की ४.५० हा त्यात प्रश्न असतो. काकांनी पाचशेच्या पाचशे मायक्रोमीटरखाली घातले, आलेख काढला आणि तो फ्रिजवर लावला. शिशाची वस्तू म्हणून दर पन्नासाला साबणाने हात धुवून यायचे. काकू बाहेरच्यांना सांगत, “ह्यांना शुगर नाहीये हो. छर्रे मोजतायत.”

दहा मीटर जागा घरात आहे का, हेही मोजून झालं. देवघरापासून बाल्कनीच्या कठड्यापर्यंत टेप लावली तर आठ मीटर चाळीस. त्यातून बिल्डरच्या ब्रोशरमधल्या मापाचा मुद्दा निघाला, सोसायटीच्या सभेत गेला आणि चार महिने तिथे गाजला. तो इथे नको.

हाताचा ठसा हा मात्र खरा महत्त्वाचा भाग होता, आणि इथे काका बरोबर होते. या पिस्तुलांची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते. लहान, मध्यम, मोठी, डावखुऱ्यांची वेगळी. ती हातात अशी बसावी लागते की डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले, की नळीवरची पुढची माशी मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. काकांनी हिशेब मांडून दाखवला. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंत साधारण पस्तीस सेंटिमीटर, लक्ष्य दहा मीटरवर. माशी खाचेत पाव मिलिमीटर सरकली, तर कागदावर छर्रा सात मिलिमीटर बाहेर. “अडीचशे मायक्रॉन!” ते हलक्या आवाजात म्हणाले. देवाचं नाव घ्यावं तसं. त्यांना इतक्या वर्षांत असा खेळ भेटला नव्हता.

म्हणून आलेखाच्या कागदावर त्यांनी घरातल्या सगळ्यांचे हात आखले. काकूंनी हात पुढे केला आणि विचारलं, “मेंदी पण काढणार का?”

आणि पिस्तूल येईपर्यंत दंडाला सवय हवी, म्हणून रात्री जेवणानंतर काका बाल्कनीत उभे राहून सराव करू लागले. वजन साधारण किलोभर हवं. घरात नेमकं तेवढं भरलं ते इस्त्रीचं. हायवेवरून रात्री येणाऱ्या ट्रकवाल्यांना आमच्या नवव्या मजल्यावर बनियनमधला एक माणूस दिसायचा: डावा हात खिशात, एका डोळ्यावर पट्टी, आणि उजव्या हातात बंगळुरूच्या दिशेने रोखलेली इस्त्री.

रेंजवर ते गेलेच नाहीत असं नाही. वाकडच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावर छोटी रेंज आहे, तिथे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. शिकवणारी मुलगी चोविशीची, राज्य स्पर्धा खेळलेली. तिने त्यांच्या हातात रेंजचं जुनं पिस्तूल दिलं. मुठीला ठिकठिकाणी पुट्टी भरलेली, त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर शेकडो पोरांच्या तळहातांचं तेल. काकांनी ते उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला.

“काका, तिकडे धरा. टार्गेटकडे.”

काकांनी हात उचलला. पुढची माशी शिमग्यातल्या सोंगासारखी नाचायला लागली.

“हात हलतोय,” काका म्हणाले.

“सगळ्यांचाच हलतो. माझाही हलतो. हलता हलता दाबायचं, हळू.”

“थांबला की दाबतो.”

“तो थांबत नाही काका.”

हे वाक्य काकांना मानवलं नाही. पंधरा मिनिटं ते हात थांबायची वाट बघत होते. हात खाली, हात वर, हात खाली. छर्रा एकही सुटला नाही. कारखान्यात अस्थिर प्रोसेस चालू ठेवायची नसते, बंद करून आधी कारण शोधायचं असतं. आणि ही पोरगी सांगत होती की कारण तुम्हीच आहात, मशीन चालू ठेवा. मला तिचं पटलं. यंत्राला कसून बांधून मारलं तर यातलं कुठलंही चांगलं पिस्तूल एकाच भोकात छर्रे घालतं, फॅक्टरी तसा कागदही सोबत देते. उरलेली सगळी चूक माणसाची. म्हणजे पाच रकाने आणि चाळीस मुद्द्यांत जो सहावा रकाना नव्हता, तो काकांचा.

पण त्याच दिवशी त्यांची नजर टेबलावरच्या एका वस्तूवर गेली. पितळी वजन, वर हूक. चापाला हे अडकवून पिस्तूल उचलायचं. चाप न सुटता वजन उचललं गेलं तर पास, चाप सुटला तर नापास.

“गो, नो-गो!” काका म्हणाले आणि पिस्तूल खाली ठेवून वजन हातात घेतलं.

पुढच्या महिन्यात शाळांमधली एक छोटी स्पर्धा होती. हत्यार तपासणीच्या टेबलावर कुणी बसायला तयार नसतं, कारण तिथे दिवसभर पालकांच्या शिव्या खाव्या लागतात. काकांनी हात वर केला. दोन्ही बाह्यांवर इस्त्रीची धार, खिशात व्हर्निअर, समोर स्वतःचं खोकं. पोरं रांगेत. खोकं, वजन, चाप. काकांचा चेहरा मी इतका शांत कधी बघितला नव्हता.

आदल्या दिवशी मात्र त्यांनी संयोजकांना एकच प्रश्न विचारून हैराण केलं होतं: हे वजन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं? वजन कसलं कॅलिब्रेट करायचं, त्याच्यावर ‘५००’ लिहिलंय की, असं उत्तर आलं. काकांनी ते रुमालात गुंडाळलं आणि डांगे चौकातल्या सोनाराकडे नेलं. सोनाराने काटा शून्य केला. काकांनी पंखा बंद करायला लावला. आकडा आला ५१२.

वजन ५०० चंच होतं. मूळचं हूक कधी तरी तुटलं होतं आणि कुणी तरी वेल्डरकडून नवं, जाडजूड हूक डकवून आणलं होतं. वरचे बारा ग्रॅम हुकाचे.

सोनार म्हणाला, बारा ग्रॅम सोनं असतं तर गोष्ट होती. काकांना मात्र रात्रभर झोप लागली नाही. ५०० पेक्षा हलका चाप असलेला कुणी या वजनाखाली सुटला नसेल, ते ठीक. पण ज्याचा चाप ५०५ चा, ५१० चा, म्हणजे नियमात बसणारा, त्याला या हुकाने नापास केलं असेल. चांगला माल रिजेक्ट झाला. क्वालिटीवाल्याच्या धर्मात याला प्रायश्चित्त असतं: लॉट परत बोलवा.

काकांनी मागच्या वर्षीची यादी काढायला लावली. हत्यार तपासणीत बाद झालेला एकच पोरगा निघाला, पुनावळ्याचा, बारावीतला. वडिलांचं गॅरेज. चाप घट्ट करून परत ये म्हटलं, तोवर त्याची फेरी निघून गेली होती. रविवारी काका मला घेऊन त्या गॅरेजवर गेले. भुयारी मार्गात पाणी होतं म्हणून वळसा घालून, रिक्षाने. सोनाराच्या काट्याची पावती त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. पोराला समोर बसवून त्यांनी सगळं रीतसर सांगितलं: दोष तुझ्या पिस्तुलात नव्हता, मोजमापात होता, तसं लेखी पत्र संयोजकांकडून मिळेल.

पोरगा म्हणाला, “बरं काका.” त्याला ते प्रकरण आठवायलाही जरा वेळ लागला.

“पिस्तूल कुठलं वापरतोस?”

त्याने आतून आणलं. जुनं स्टायर, दुसऱ्या हाताने घेतलेलं, कुणी खेळ सोडला होता त्याचं.

“निवडलंस कसं?” काकांच्या आवाजात कंप होता. “कशाकशाशी तुलना केली?”

“तेवढंच होतं काका. आणि मी डावरा. मूठ डावऱ्याची होती. हातात घेतलं, बसलं. दहा मिनिटांत घेऊन आलो.”

गॅरेजमध्ये कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं. काकांनी पिस्तूल घेतलं, उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला. नळीचं तोंड बघितलं. कडेवरून नख फिरवलं. खिशातून व्हर्निअर काढून माशीची रुंदी घेतली, खाचेची घेतली, वहीत टिपली. उलटं केलं, सुलटं केलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. खोट काही सापडेना, आणि काका अस्वस्थ होत चालले. वडील हात पुसत येऊन उभे राहिले होते. त्यांना वाटलं म्हातारं पिस्तूल जप्त करायला आलंय.

मग काकांचा अंगठा मुठीच्या खाली एका स्क्रूवर थांबला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

“हा मूळचा नाही. कुठला हा?”

“बुलेटच्या इंडिकेटरचा,” वडील म्हणाले. “मूळचा हरवला ना, म्हणून मीच टाकला. का हो, चालत नाही?”

“बसा,” काका म्हणाले, उलट्या ड्रमवर स्वतः आधी बसले, आणि पिशवीतून थ्रेड गेजची जुडी काढून पात्या एकेक उलगडू लागले. “आधी पिच बघू.”